झोपडीचे चित्र
(कलामहर्षी बाबूराव पेंटर ते डॉ. सुधीर पटवर्धन)

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे जुने अंक परवा चाळीत बसलो होतो. आरंभी श्री विश्वकर्मा प्रभू, त्यानंतर माजी अध्यक्षांची छायाचित्रे, मग देणगीदार, मग गुणवंत विद्यार्थी आणि शेवटी जयंतीच्या मिरवणुकीचे मोठे चित्र, असा क्रम प्रत्येक अंकात आढळला. त्यात गैर काहीच नाही. तथापि एक गोष्ट मनास लागून राहिली. ज्या समाजाचे नावच मुळी त्याच्या कामावरून पडले, त्या समाजाच्या स्मरणिकेत हाती वाकस किंवा रंधा घेऊन काम करीत असलेला एकही मनुष्य नाही. ज्या पत्र्याच्या खोल्यांत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी भोसरीतील पहिली दहा-पंधरा वर्षे काढली, त्यांतील एकाही खोलीचे चित्र नाही. परक्या कोणी हे अंक पाहिले, तर आपण सारे जन्मतःच कोट घालून आलो असे त्यास वाटावे!

हा दोष एकट्या आपला नव्हे. कष्टाने पोट भरणाऱ्या, त्यातही शहरात येऊन दाटीवाटीने राहणाऱ्या माणसाचे चित्र काढण्यासारखे असते, ही कल्पनाच मुळी अलीकडची आहे. ती कोठून आली, महाराष्ट्रात कशी रुजली आणि तिच्यात आपल्यासारख्याच एका मिस्त्री घराण्यातील पुरुषाचा वाटा किती मोठा आहे, हे ज्ञातिबांधवांपुढे मांडावे या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी चित्रकार नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. चित्रकलेचा तास मात्र पुष्कळ वर्षे घेतला आणि त्या तासाला एक चूकही केली. ती पुढे सांगेन.

युरोपात शेकडो वर्षे मोठे चित्र म्हणजे देवादिकांचे, राजांचे किंवा लढाईचे, असाच दंडक होता. १८४९ साली गुस्ताव कूर्बे नावाच्या फ्रेंच चित्रकाराने रस्त्याकडेला खडी फोडणारे दोन मजूर एका मोठ्या पटावर रंगविले. एक म्हातारा, एक पोर. दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. जे मोठे माप राजासाठी राखून ठेवावयाचे, ते खडी फोडणारास दिले, यावर तेथील जाणकार मंडळी फार संतापली. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, ते चित्र जर्मनीत नष्ट झाले. कूर्बेच्याच पिढीतील मिले याने १८५७ साली शेतात सरवा वेचणाऱ्या बाया रंगविल्या आणि दोमिये याने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेली गरीब माणसे काढली. हा तिसऱ्या वर्गाचा डबा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण तो आपणास पुढे मुंबईत पुन्हा भेटावयाचा आहे.

आपल्याकडे १८५७ साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली व तेथे समोर दिसते तसे काढावयाचे, ही पाश्चात्त्य पद्धत शिकविली जाऊ लागली. त्या शाळेत १८६५ साली शिक्षक म्हणून आलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी पुढे सरकारच्या सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानात फिरून कारागिरांची रेखाचित्रे काढली. कुंभार, विणकर, धातुकाम करणारे यांच्याबरोबर त्यांत १८७० साली सिमल्यास काढलेला एक लाकडावर कोरीव काम करणारा कारागीरही आहे. हत्यार कसे धरले आहे, बैठक कशी आहे, हे त्यांनी कमालीच्या बारकाईने टिपले आहे. मात्र चित्राच्या नावात त्या मनुष्याचे नाव नाही, धंद्याचे तेवढे आहे. साहेबास धंद्याची नोंद पाहिजे होती.

त्याच शाळेत शिकलेले व पुढे तेथेच शिक्षक झालेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७ ते १९४४) हे कोल्हापूरचे. मुंबईच्या रस्त्यावरचा माणूस त्यांच्याइतक्या सफाईने क्वचितच कोणी काढला असेल. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड्स साहेबांच्या मुंबईवरील पुस्तकास त्यांचीच चित्रे आहेत. त्यांची छापील पोस्टकार्डे घरोघर जात. फेरीवाले, कोळणी, नाना जातींचे व नाना पागोट्यांचे लोक त्यांच्या कुंचल्यातून उतरले. परंतु मला प्रामाणिकपणे असे वाटते, की ती चित्रे पाहताना करमणूक होते, कळवळा येत नाही. पाहणारा माडीच्या गॅलरीत उभा आहे आणि रस्ता खाली वाहतो आहे, असा त्यांचा थाट आहे. धुरंधरांची योग्यता मोठी. त्यांच्याविषयी उणे बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु जे वाटले ते लिहिले.

मग गरिबाच्या स्वतःच्या भिंतीवर कोणते चित्र होते? याचे उत्तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली प्रथम मुंबईस निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी कुडाच्या भिंतींपर्यंत पोहोचल्या. देवाचे रूप अठरापगड जातींस घरबसल्या पाहावयास मिळाले, हे केवढे मोठे काम झाले! पण घरातल्या माणसांचे रूप? ते लग्नात एकदा, फोटोवाल्याकडे जाऊन, मागे राजवाड्याचा किंवा धबधब्याचा रंगविलेला पडदा सोडून, कोणाचा तरी कोट अंगात घालून. माझ्या वडिलांचे असे एकच छायाचित्र घरात आहे. त्यात ते एका संगमरवरी जिन्यापाशी उभे आहेत. असा जिना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

अशा पडद्यांचा धंदा ज्याने केला, त्याच पुरुषाने पुढे झोपडीचे चित्र प्रथम लोकांपुढे आणले, ही या इतिहासातील मोठी गमतीची व विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव सुतार-लोहारकाम करीत. शिवाय चित्रे काढण्यात व हस्तिदंतावरील कोरीव कामात त्यांचा हात चाले. शाळेचे शिक्षण बाबूरावांस बेताचेच मिळाले. कलाशाळेची पायरी त्यांनी चढली नाही. जे शिकले ते घरात, वडिलांच्या हाताखाली व चुलतभाऊ आनंदराव यांच्या संगतीत. दोघे भाऊ नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. तो संगीत नाटकांचा भरभराटीचा काळ होता आणि पडदा वर जाताच राजमहाल, अरण्य, राजमार्ग पाहून प्रेक्षक टाळ्या वाजवीत. 'पेंटर' हे आडनाव त्यांस या कामामुळे चिकटले व कायमचे राहिले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' निघाला. तो पाहून या दोघा भावांस चित्रे हलविण्याचे वेड लागले. त्यासाठी लागणारा कॅमेरा विलायतेहून आणण्याइतका पैसा कोठून असणार? तेव्हा मिस्त्रीच्या मुलांनी मिस्त्रीच करील ते केले. कॅमेरा आपल्या हाताने बनवावयास घेतला. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास त्यांचा कॅमेरा सिद्ध झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली, तिला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. सावकारांनी दारे लावून घेतली असता एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी पुढे केली, ही गोष्ट आपल्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहावयास हवी. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला व लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

येथवरची हकिगत पुष्कळांस माहीत असते. खरे महत्त्व आहे ते १९२५ सालच्या 'सावकारी पाश' या मूकपटास. तोपर्यंत पडद्यावर बहुधा देव, असुर, राजे आणि मावळे हेच वावरत असत. या चित्रपटात एक शेतकरी आहे. कर्जापायी सावकार त्याची जमीन गिळतो. जमीन गेल्यावर तो शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. एवढीच कथा. शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे या कोल्हापूरच्याच तरुणाने केले. पुढे हेच व्ही. शांताराम म्हणून सर्व देशास परिचित झाले. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. परंतु चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी फार वर्षांनंतर सांगितलेली एक आठवण नमूद आहे. काळोखातली एक उदास झोपडी आणि तेथे भेसूर रडणारे कुत्रे, एवढेच एक दृश्य त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले होते. संवाद नाही, गाणे नाही. पडदे रंगवून हात बसलेल्या माणसाने राजमहाल बाजूस सारून अंधारातली झोपडी दाखविली, आणि ती अशी दाखविली की पाहणारा आयुष्यभर विसरला नाही.

ही कथा शेतकऱ्याची असली, तरी आपण ती आपलीच म्हणून वाचावी. शेतकरी मोडला की बलुतेदार मोडतो. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी करून देऊन खळ्यावर धान्याचे बलुते घेणारा सुतार शेतकऱ्याच्याच जिवावर जगे. लोखंडी नांगर आला, पुढे ट्रॅक्टर आला, १९७२ च्या दुष्काळाने उरलेसुरले खळेही रिकामे केले. आपल्या मंडळातील ज्येष्ठांना विचारावे. नगर, बीड, सोलापूर या बाजूंनी जी कुटुंबे आली, त्यांतील पुष्कळांची हकिगत या मूकपटाहून वेगळी नाही. फरक इतकाच, की त्या शेतकऱ्यास गिरणी भेटली आणि आपणांस औद्योगिक वसाहत भेटली.

असा हा चित्रपट. पण लोकांस तो रुचला नाही! पौराणिक चमत्कारांस व ऐतिहासिक शौर्यास सोकावलेल्या प्रेक्षकांस स्वतःचेच हाल पैसे देऊन पाहणे मानवले नाही. धंद्याच्या दृष्टीने चित्रपट पडला आणि बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी बाहेर पडून प्रभात कंपनी काढली आणि ती १९३३ साली पुण्यास आली. बाबूरावांनी १९३६ साली 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला, यावरून त्यांच्या मनातून हा विषय गेला नव्हता, असा तर्क करण्यास हरकत नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कोल्हापुरात निवर्तले.

प्रेक्षकांस मी दोष देत नाही. दिवसभर गिरणीत राबून आलेल्या मनुष्यास संध्याकाळी पुन्हा गिरणीच पाहावयाची हौस का असावी? कृष्णाजी हौळाजी आरा यांचेच उदाहरण घ्या. हा गृहस्थ लहानपणी हैदराबादकडून मुंबईस आला, घरगडी म्हणून राहिला आणि पुढे मोठा चित्रकार झाला. १९४७ साली निघालेल्या प्रगतिशील चित्रकारांच्या मंडळात त्याचे नाव आहे. गरिबी त्याच्याइतकी जवळून कोणी पाहिली? पण तो विशेष गाजला तो फुलदाणीतल्या फुलांच्या चित्रांसाठी. गरिबाने गरिबीच काढली पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर कोणी करावी, आणि का करावी?

याच्या उलट बंगालचे चित्तप्रसाद. १९४३ च्या दुष्काळात त्यांनी पायी फिरून भुकेली माणसे चितारली व ते पुस्तक इंग्रज सरकारने जप्त केले. १९४६ पासून त्यांचे वास्तव्य मुंबईस, अंधेरीत होते. बूट पुसणारी, ओझी वाहणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली मुले त्यांनी लिनोलियमवर कोरून छापली. कोरीव कामाची ती पद्धत आपल्या लोकांस चटकन समजेल. पटाशीने जेथे खोदले ते पांढरे, जेथे राखले ते काळे. सुबत्ता त्यांच्या वाट्यास कधी आली नाही. १९७८ साली ते गेले.

आता डॉ. सुधीर पटवर्धन यांच्याकडे वळतो. हे आपल्या पुण्याचे. जन्म १९४९. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली डॉक्टर झाले, नंतर मुंबईस गेले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ठाण्यास क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिले. चित्रकला त्यांनी व्यवसाय सांभाळून साधली. १९७९ साली दिल्लीस त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. विषय कोणते? इराण्याच्या हॉटेलात बसलेला मनुष्य (१९७७), लोकलच्या डब्यातले प्रवासी (१९८०), स्टेशनचा पूल, मे दिनी झालेला अपघात (१९८१), नाला (१९८५), उल्हासनगर (२००१). ज्या जागांवरून आपण रोज खाली मान घालून जातो, त्या जागा.

लोकलच्या डब्याचे ते चित्र आणि दोमियेचा तिसऱ्या वर्गाचा डबा यांत सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचे अंतर आहे. देश वेगळा, वेष वेगळा. पण रोजच्या प्रवासाने थकलेले खांदे तेच. येथे धुरंधरांची गॅलरी नाही. पाहणारा डब्यातच आहे. ही माणसे केविलवाणी नाहीत, हे मला विशेष वाटले. त्यांचे दंड जाड आहेत, मानेच्या शिरा दिसतात, ती जागा अडवून बसतात. मनुष्यदेहाच्या आत हाडे कशी बसविली आहेत हे ज्याने तीस वर्षे काचेवर पाहिले, त्याला देहाचे वजन दाखविता यावे यात नवल नाही. ज्यांची चित्रे आपण काढतो, त्यांनाही त्यांत स्वतःची प्रतिमा ओळखता यावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केलेली आहे. इच्छा मोठी आणि कठीण आहे, कारण कलादालनाच्या पायऱ्या चढून मजूर कोठे जातो? म्हणूनच की काय, २००८ साली त्यांनी समकालीन चित्रकारांच्या कामाचे 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन जमवून महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत फिरविले.

२००१ सालचे 'लोअर परळ' हे त्यांचे चित्र गिरणगावाचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप कधी मागे घेतला गेलाच नाही आणि गिरण्या एकामागून एक थंडावल्या. त्या जमिनीवर उंच इमारती उठल्या. 'सावकारी पाश'मधला शेतकरी ज्या गिरणीत शिरला, तीच गिरणी पंचाहत्तर वर्षांनंतर या चित्रात संपते, असे म्हटल्यास ते माझ्या मनाचे जुळविणे होईल. पण ते जुळते खरे. गिरणगावातून उठलेली काही कुटुंबे आपल्या भोसरीसही आली आहेत.

नोव्हेंबर २०१९ पासून काही महिने मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले होते. पूर्वीच्या कावसजी जहांगीर सभागृहाची ती इमारत. मुलाबरोबर मी तेथे गेलो. वरच्या मजल्यापर्यंत फिरता फिरता एका चित्रापुढे उभा असताना माझा पाय निघेना. चित्रामुळे नव्हे, तर त्यावरून आठवलेल्या दुसऱ्या एका चित्रामुळे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीचा वर्ग, चित्रकलेची सहामाही परीक्षा, विषय 'माझे घर'. सगळ्या मुलांनी उतरत्या छपराचे घर, मागे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी व एक नारळाचे झाड काढले. भोसरीत नारळाचे झाड असले घर त्यांतल्या एकाचेही नव्हते. एका मुलाने मात्र पत्र्याची खोली काढली. आत स्टोव्हपाशी आई, भिंतीकडे तोंड करून, अंगावर चादर ओढून दिवसाउजेडी झोपलेला बाप, आणि बाहेर नळापाशी हंड्यांची रांग. बाप रात्रपाळी करून आला आहे, हे न सांगता कळत होते. मी त्याला पन्नासांपैकी अठरा गुण दिले आणि खाली लाल शाईने शेरा लिहिला : 'विषयाचे सौंदर्य नाही.' मुलगा आपल्याच समाजाचा होता. त्याचे वडील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करीत. पेपर हाती घेऊन त्याने तो माझ्यादेखत चार घड्या करून खिशात घातला. पुन्हा त्याने चांगली चित्रे काढली. डोंगर, सूर्य, नदी, नारळ. गुणही मिळाले.

मला ते चित्र खरे वाटले नव्हते असे नाही. खरे वाटले, म्हणूनच मी बिचकलो. मीही तशाच खोलीत राहून डी.एड. केले होते आणि ती खोली विसरण्याची मला घाई झाली होती.

मंडळातील काही वडीलधारे या लेखास आक्षेप घेतील, हे मी जाणतो. 'आता कुठे समाजाला चार बरे दिवस आले आहेत, मुले इंजिनिअर झाली आहेत, सोयरीक जमविताना लोक घरदार पाहतात; अशा वेळी जुने पत्रे कशाला उघडून दाखवावयाचे?' माझ्या एका मेहुण्यांनी हे मला तोंडावर विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गरिबीचे चित्र पाहणाऱ्याची मौज होते आणि काढणाऱ्याचे नाव होते, असेही घडते. कित्येक परदेशी पाहुणे झोपडपट्टीतल्या पोरांचे फोटो काढून नेतात, पोरास त्याची प्रत कधी मिळत नाही. म्हणून काढणारा कोण, कोठे उभा राहून काढतो आणि चित्र पुढे कोणाकडे जाते, हे पाहिले पाहिजे. सुधारक ओलवे या मराठी छायाचित्रकाराने मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली ती वर्षानुवर्षे त्यांच्यात जाऊन येऊन. त्यांच्या कामाच्या जागा, त्यांची घरे, सणवार सारे त्यांत आहे. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ती छायाचित्रे पाहून कोणा सफाई कामगाराची मान खाली गेली असेल, असे मला वाटत नाही. खाली जाते ती आपली.

आणि आपल्या लोकांच्या कामात लपविण्यासारखे आहे तरी काय? १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व त्या दशकात पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. १९७० साली भोसरी नवीन नगरपालिकेत गेली, १९८२ साली महानगरपालिका झाली. या इतिहासात कारखान्यांची नावे येतात, पुढाऱ्यांची येतात. परंतु यंत्राचा जो भाग ओतून करावयाचा, तो आधी लाकडात करावा लागतो, हे किती जणांस ठाऊक आहे? नांगर व पाभर करणारे आपले वडील पॅटर्न करावयास बसले ते याच कामावर. ओतलेले लोखंड निवताना आकसते. बीड असेल तर मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर, पोलाद असेल तर त्याच्या दुप्पट. तेवढे हिशोबाने मोठे धरून, वाळूतून सहज निघावे म्हणून कडांना किंचित उतार ठेवून, सागवानात अख्खे यंत्र कोरावयाचे. इयत्ता चौथी झालेली माणसे हे मनात धरून करीत. माल तयार होऊन ट्रकमधून निघून जाई आणि पॅटर्न मागे फळीवर राही. काम बंद झाले की बंबात जाई. आज ते काम पुष्कळसे संगणकावर चालणारी यंत्रे करतात. हातावर पॅटर्न करणारे जे वृद्ध अद्याप आपल्यात आहेत, ते बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांचे काम करतानाचे एकही चित्र, एकही छायाचित्र मला या गावात पाहावयास मिळालेले नाही.

तो मुलगा गेल्या जयंतीस भेटला. आता त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. मी त्या पेपरविषयी विचारले. चित्र त्याला आठवत नव्हते; 'गुरुजी, अठरा गुण पडले होते,' एवढे आठवत होते. त्याच्या वडिलांस जाऊन सहा वर्षे झाली. त्यांचे एकमेव छायाचित्र आधार कार्डावरून मोठे करून घरात लावले आहे.

तेव्हा माझी मंडळास विनंती आहे, ती अशी. पुढील स्मरणिकेत सोळा पाने या कामासाठी राखून ठेवावीत. ज्यांच्याकडे जुन्या खोल्यांची, वर्कशॉपची, खोकी ठोकतानाची, अड्ड्यावर काम मागत उभे असतानाची छायाचित्रे असतील, मग ती कितीही पुसट असोत, त्यांनी ती द्यावीत; प्रत काढून मूळ छायाचित्र परत करण्याची जबाबदारी माझी. ज्यांच्या घरी वृद्ध कारागीर आहेत, त्यांच्या नातवंडांनी आजोबांस त्यांची हत्यारे घेऊन बसवावे आणि समोर बसून चित्र काढावे. हाताने काढलेले असावे, छापील चित्रावरून उतरविलेले नसावे. गुण दिले जाणार नाहीत. चित्राच्या मागे आजोबांचे पूर्ण नाव, मूळ गाव, भोसरीस आल्याचे साल आणि ते कोणते काम करीत, एवढे पेन्सिलीने लिहावे; शाईने लिहिल्यास कागदाच्या पुढच्या बाजूस डाग उमटतो.